रुपयातले दोन पेन्स आणि आपल्याकडचा कापूस

तो मेसेज परत फिरतोय. १९४७ला म्हणे एक डॉलर एक रुपयाला मिळायचा. गावातल्या तीन ग्रुपवर मला तीनदा आला, म्हणून आधी तेवढं उरकून टाकतो. १९४७ला डॉलर सव्वातीन रुपयांच्या थोडा वर होता. आणि मुळात तेव्हा आपला रुपया डॉलरला बांधलेलाच नव्हता. तो बांधलेला होता इंग्रजांच्या पौंडाला, आणि तो भाव कसा ठरला ही गोष्ट त्या मेसेजपेक्षा कितीतरी कामाची आहे. कारण त्यात आपल्या बापजाद्यांच्या कापसाचे पैसे गेलेत.

हिशोब असा. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. आपला रुपया चांदीचा होता. जगात चांदी उतरली तसा रुपयाही उतरत गेला. सरकारनं १८९३ला लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या आणि पुढं रुपयाचा भाव १६ पेन्सवर, म्हणजे १ शिलिंग ४ पेन्सवर आणून ठेवला. पंधरा रुपयांचा एक पौंड. पहिल्या महायुद्धापर्यंत हे नीट चाललं. युद्धात चांदी भडकली, रुपया वर गेला. १९२०ला सरकारनं तो थेट दोन शिलिंगवर ठेवायचा घाट घातला, तो साफ फसला. मग १९२५च्या सुमारास रुपया १८ पेन्सवर आला आणि सरकारच्या मनात तो तिथंच कायम करायचं होतं.

सोळा की अठरा? फरक दोनच पेन्सचा. पण त्यावर देशभर जुंपली होती. हिल्टन यंग कमिशन नेमलं गेलं, त्यानं १९२६ला अठराची शिफारस केली. कमिशनमध्ये बसलेले सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, मुंबईच्या कापूस बाजारातला मोठा माणूस, त्यांनी एकट्यानं विरोधी टिपण जोडलं की सोळाच पाहिजे. १९२७ला कायदा झाला, अठरा पेन्सचा.

आता हे नशिराबादच्या शिवारात आणून बघा. समजा अमुक एवढ्या कापसाचे परदेशात एक पौंड आले. सोळाच्या भावानं त्याचे १५ रुपये होतात. अठराच्या भावानं १३ रुपये ५ आणे ४ पै. कापूस तोच, गिऱ्हाईक तेच, आणि पंधरा रुपयांमागं १ रुपया १० आणे ८ पै गायब! हा फटका एका दिवसात बसत नाही, भाव हळूहळू सरकतात हे खरं. सरकारचंही म्हणणं हेच होतं की भाव आणि मजुरी अठराशी जुळून गेलीत, आता मागं कशाला जायचं. पण शेतसारा रुपयात ठरलेला होता, तो काही कमी झाला नाही. सावकाराचं देणं रुपयात, तेही तेवढंच.

मग फायदा कुणाला? दिल्लीच्या सरकारला दरसाल विलायतेला पौंडात पैसे पाठवायचे असायचे. साहेबांच्या पेन्शनी, कर्जाचं व्याज, तिकडच्या ऑफिसचा खर्च. रुपया महाग असला की हे सगळं कमी रुपयांत भागायचं. वर लँकेशायरचं कापड इथं स्वस्तात उतरायचं, म्हणजे जळगाव-अमळनेरच्या गिरण्यांनाही मार.

इथं एक गोष्ट सोडून देणं बरोबर नाही. 'रुपयाचा प्रश्न' या विषयावर १९२३ला आख्खं पुस्तक लिहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच कमिशनपुढं साक्षीला गेले होते. त्यांनी सांगितलं की रुपया उतरला की वस्तू महागतात आणि मजुरी तेवढ्या वेगानं वाढत नाही. व्यापाऱ्याचा फायदा म्हणजे देशाचा फायदा, असं धरून चालू नका. माझ्या मते त्या सगळ्या वादात सगळ्यात सरळ प्रश्न त्यांनीच विचारला. कापूस विकणारा आणि कापूस वेचणारी बाई, दोघांचा हिशोब एक नसतो.

१९३०च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढं अकरा मागण्या ठेवल्या. मिठाची सगळ्यांना आठवते. पण त्याच यादीत रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर आणा ही मागणी होती, आणि शेतसारा निम्मा करा हीसुद्धा. सरकारनं ऐकलं नाही. तोवर मंदी आली होती, कापूस कोसळला होता. सप्टेंबर १९३१मध्ये इंग्लंडनं पौंडाचं सोन्याशी नातं तोडलं, रुपया मात्र पौंडाला तसाच अठरावर बांधलेला राहिला. रुपयात सोनं महागलं आणि कर्जानं पिचलेल्या घरांतून दागिने निघाले. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटींचं सोनं देशाबाहेर गेलं. आपण जळगावला सुवर्णनगरी म्हणतो ना भो, तेव्हा हेही ध्यानात असू द्या. १९३६च्या डिसेंबरात तापीपलीकडं फैजपूरला काँग्रेस भरली आणि सारा-कर्जाचे ठराव झाले, ते याच दिवसांतले.

मजा म्हणजे इंग्रज गेले तरी अठरा पेन्स गेले नाहीत. १९४९ला पौंड उतरला, त्याच्याबरोबर आपणही उतरलो, डॉलर ४ रुपये ७६ पैशांच्या हिशोबावर गेला, पण पौंड तेरा रुपये आणि वर तिसरा हिस्सा तसाच. ६ जून १९६६ला इंदिराबाईंच्या सरकारनं अवमूल्यन केलं तेव्हा कुठं पौंड २१ रुपयांवर आणि डॉलर साडेसातवर गेला.

आता डॉलर नव्वदीत आहे आणि टीव्हीवर रुपया घसरला म्हणून बोंब चालू आहे. महागाई होते, डिझेल-खताला झळ बसते, हे खरंच. पण रुपया उतरल्यावर बाहेरचा कापूस महाग पडतो आणि आपल्या कापसाला जरा टेका मिळतो, हे कुणी बोलत नाही. १९ ऑगस्ट २०२५ला सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. बाहेरचा माल इथं स्वस्त करायचा हा दुसरा रस्ता. रुपयाला हातही लावावा लागला नाही, आणि नेमका आपल्या वेचणीचा हंगाम त्यात सापडला. यावर किती जण बोलले?

कुणाच्या घरी १९२५ ते १९३५मधल्या कापूसपट्ट्या, अडतीच्या चोपड्या किंवा साऱ्याच्या पावत्या असतील तर फोटो टाका. पौंडाचा भाव माहीत आहे, नशिराबादच्या बैलगाडीला काय मिळालं ते बघायचंय.