दिवस जाण्याआधीचे दिवस

‘टीटीसी, ९ डीपीओ, आज बीएफएन, एएफ अजून नाही.’ मूल हवं म्हणून प्रयत्न करणाऱ्या इंग्रजी बोलणाऱ्या बायका एकमेकींना असं लिहितात. उलगडून सांगायचं तर: प्रयत्न चालू आहेत, स्त्रीबीज सुटून ९ दिवस झाले, आजच्या चाचणीनं ठसठशीत ‘नाही’ दाखवलं, पण पाळीही आलेली नाही. एएफ म्हणजे आंट फ्लो. ‘फ्लो’ म्हणजे वाहणं आणि फ्लॉरेन्स या नावाचं लाडकं रूपही. त्या श्लेषातून पाळी ही दर महिन्याला येणारी आत्याबाई झाली. फ्रेंच बायका पाळीला ‘इंग्रज उतरले’ म्हणत. आपल्याकडे कावळा शिवायचा.

आडपडद्याचे शब्द सगळ्याच भाषांत असतात. मला महत्त्वाचं वाटतं ते ‘डीपीओ’.

गरोदरपणासाठी मराठी किती श्रीमंत आहे! दिवस जाणं, दिवस राहणं, पोटुशी, दोन जिवांची. डोहाळे हा शब्द संस्कृत ‘दोहद’, प्राकृत ‘दोहळ’ असा चालत आला. सुश्रुतसंहितेत गर्भवतीला दोन हृदयांची म्हणून ‘दौहृदिनी’ म्हटलं आहे. ‘कूस उजवली’ यातलं उजवणं तर व्रताच्या उद्यापनाचंही. मूल होणं म्हणजे धरलेलं व्रत तडीला जाणं, असा भाव त्या एका क्रियापदात आहे.

दुसऱ्या टोकाला ‘वांझ’. वन्ध्या, वंझा, वांझ असा त्याचा सरळ प्रवास. फळ न धरणाऱ्या झाडाला, काही न पिकणाऱ्या जमिनीला लागणारा शब्द बाईला लागला आणि तिलाच चिकटला. खरं तर मूल न होण्याचं कारण कितीदा तरी पुरुषात असतं, कधी दोघांत, कधी सापडतच नाही. पण हा शब्द तपास करत नाही, निकाल देतो.

या दोन टोकांच्या मध्ये जी बाई उभी आहे, तिला आपल्या जुन्या भाषेत नाव नाही. आपण दिवस मोजतो ते ‘गेल्या’वर. त्याआधीचे दिवस तिचे तिनं मुकाट्यानं काढायचे, आणि समारंभात कुणी ‘काही विशेष?’ म्हणून विचारलं की हसायचं.

डीपीओ नेमके हेच दिवस मोजतं. फलित झालेलं बीज गर्भाशयात रुजायला स्त्रीबीज सुटल्यापासून बहुधा ८ ते १० दिवस लागतात. रुजल्यावरच एचसीजी हे संप्रेरक आधी रक्तात आणि मग लघवीत येतं आणि चाचणीची दुसरी रेघ उमटते. म्हणून नवव्या दिवसाचं ‘नाही’ बाराव्या दिवशी ‘हो’ होऊ शकतं. नकारासोबत तारीख लिहिणारी ही आद्याक्षरं ‘वांझ’पेक्षा कितीतरी अधिक खरी आहेत. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा १२ महिने वा अधिक काळ प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तरच वंध्यत्व म्हणते.

या परिभाषेतलं सगळंच मला रुचत नाही. एकमेकींना ‘बेबी डस्ट’ म्हणजे परीकथेतली जादूची धूळ धाडणं प्रेमाचं असेल, पण संप्रेरकांच्या गोष्टी नशिबावर सोपवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे आता ऐकू येणारं ‘आमची ट्रीटमेंट चालू आहे’ हे वाक्य मला जास्त आवडतं. त्यातलं ‘आमची’ फार मोलाचं आहे. ते नवऱ्यालाही आत घेतं.

वर्तमानपत्रांत मात्र अजून ‘वांझोटी चर्चा’ रंगते. ती छापणाऱ्यांना कुणाला दुखवायचं नसतं, हे मान्य. तरी उपसंपादकांना विनंती आहे: तिथं ‘निष्फळ’ लिहा, ‘व्यर्थ’ लिहा. हा अंक हातात घेऊन नवव्या दिवशी बसलेली एखादी वाचक असू शकते.