डीबी१ की डीबी२?

३१ जानेवारी २०१७. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात, त्या गिटलॅब डॉट कॉमचा डेटाबेस दोन सर्व्हरवर होता. डीबी१ मुख्य, डीबी२ त्याच्याशी सतत सिंक होणारी प्रत. खालच्या सगळ्या वेळा यूटीसीनुसार आहेत. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे.

१७:२०
एका इंजिनिअरने मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट काढून चाचणीच्या सर्व्हरवर चढवला. स्नॅपशॉट दर २४ तासांनी आपोआप निघत असे. हा जादा होता. एका प्रयोगासाठी ताजा डेटा हवा होता, एवढेच कारण.

१९:००
डेटाबेसवरचा ताण वाढू लागला. संशय स्पॅमवर. शिवाय एका खोडसाळ तक्रारीवरून कंपनीच्याच कर्मचाऱ्याचे खाते हटवण्याचे काम मागे चालू होते. ते नंतर कळले.

२२:०० च्या सुमारास
अलर्ट आला: डीबी२ मागे पडतोय. फरक सुमारे ४ जीबी. इंजिनिअरच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले होते. आता निघतो, असे त्याने सांगितलेही होते. तो थांबला.

२३:००
सिंक तुटले. डीबी२ला हव्या असलेल्या बदलांच्या नोंदी डीबी१वरून आधीच पुसल्या गेल्या होत्या; त्या वेगळ्या साठवण्याची सोय सुरू केलेली नव्हती. उपाय एकच उरला: डीबी२चा डेटा फोल्डर रिकामा करायचा आणि डीबी१वरून सगळी प्रत नव्याने आणायची.

प्रत आणणाऱ्या टूलने एका सेटिंगबद्दल तक्रार केली. आकडा वाढवला. मग डेटाबेस रीस्टार्ट होईना. जोडण्यांची कमाल मर्यादा ८,००० होती, जवळजवळ वर्षभर तशीच चाललेली. ती २,०००वर आणली. डेटाबेस सुरू झाला.

टूल पुन्हा चालवले. स्क्रीनवर काहीच उमटेना. एरर नाही, प्रगती नाही. खरे तर ते डीबी१कडून डेटा येण्याची वाट पाहत होते. असे गप्प बसणे हे त्याचे नेहमीचेच वागणे, पण माहितीपत्रकात ते स्पष्ट लिहिलेले नव्हते.

आधीच्या फसलेल्या प्रयत्नांच्या फाइली फोल्डरमध्ये अडकल्या असाव्यात, असे इंजिनिअरला वाटले. त्याने फोल्डर पुसण्याची कमांड दिली. ती डीबी१वर चालली.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले.

२३:२७
कमांड थांबवली. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

मध्यरात्रीकडे
बॅकअप शोधायला घेतले. डीबी२ नव्या प्रतीसाठी आधीच रिकामा केलेला. क्लाउडवरचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरपुरते चालू होते, डेटाबेससाठी नाहीत. रोजचा बॅकअप अ‍ॅमेझॉनच्या एस३वर जायचा. तिथली बकेट रिकामी निघाली. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारे टूल ९.२चे, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तसे कळवणारे ईमेल सुटत होते, पण त्यांवर पडताळणीची सही नसल्याने ते नाकारले जात होते. कोणालाही मिळाले नाहीत.

हाताशी राहिला १७:२०चा स्नॅपशॉट.

१ फेब्रुवारी
चाचणीच्या सर्व्हरवरून प्रत परत आणायला सुरुवात झाली. तिथल्या डिस्क स्वस्तातल्या, संथ. कॉपी होण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० मेगाबिट. कंपनीने दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. एका वेळी सुमारे ५,००० लोक ती पाहत होते.

१८:००
सेवा पूर्ववत. कोडची भांडारे शाबूत होती. आदल्या दिवशी १७:२० नंतर डेटाबेसमध्ये जमा झालेले मात्र गेले: सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट, ७०० नवी खाती.

पुढे कंपनीने स्वतःच अहवाल प्रसिद्ध केला. बॅकअपमधून डेटा खरोखर परत येतो का, हे तपासण्याचे काम कोणाकडे होते, याचे उत्तर त्यात आहे: कोणाकडेच नव्हते.