टोपी बेतणारा आणि घालणारा

फलटणच्या बाजारात पांढऱ्या टोप्या इतक्या दिसतात, की ही टोपी आपल्याकडचीच, फार जुनी, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. वडिलांची शेवटची टोपी विरली, तेव्हा तिची शिवण उसवली आणि तशीच नवी हाताने शिवायला बसलो. बाजूच्या दोन लांब पट्ट्या आणि वर होडीच्या आकाराचा माथा, एवढेच. माथा आत दुमडला की टोपी सपाट होऊन खिशात जाते. हे कुणीतरी विचारपूर्वक बेतलेले आहे, हे शिवताना कळले.

तो विचार टिपून ठेवला काका कालेलकरांनी. त्यांचा जन्म १८८५ सालचा, साताऱ्याचा. गांधीजींनी देशातल्या नाना टोप्या पाहिल्या आणि काश्मिरी टोपीचा घाट पसंत केला. पागोट्याला वारच्या वार कापड लागते, टोपीला थोडके पुरते. रंग पांढरा ठेवला, कारण त्यावर घाम आणि मळ लगेच दिसतो, म्हणून ती धुतली जाते.

१९२० च्या असहकार चळवळीत ही टोपी देशभर पसरली. खुद्द गांधीजींनी मात्र सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला ती उतरवली. त्यांच्या नावाची टोपी त्यांच्या डोक्यावर फार थोडा काळ राहिली. तिचा पुढचा इतिहास घडवला तो इतरांनी.

वडील रोज रात्री आपली टोपी स्वतः धूत. मला तो त्यांचा हट्ट वाटे. बेतणाऱ्याचा हेतू ते पाळत होते, हे मला आत्ता, सुई हातात धरल्यावर उमगले.