जिंतूरच्या डोंगरातली लमाणवाट

समोरून लमाणांचा तांडा येताना दिसला, की गाडीवानाने गाडी वाटेच्या कडेला घ्यायची आणि बैल सोडायचे. रस्ता अरुंद असेल, तर तांडा पूर्ण निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस मुक्काम पडे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने हे लिहून ठेवले आहे. दहा-बारा हजार बैल एका मागोमाग चाललेले, पाठीवर धान्याच्या नाहीतर मिठाच्या गोण्या, सोबत बायका-पोरे आणि सगळा संसार. ताव्हर्नियेचा सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा एक मार्ग औरंगाबादहून नांदेडकडे वळे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्याच्या पट्ट्यातून.

परभणी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती गोदावरीकाठची काळी, सपाट जमीन. पण जिल्ह्याच्या दोन्ही टोकांना डोंगर आहेत. दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाट आणि उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचा पूर्वेकडे उतरत गेलेला फाटा. सह्याद्रीच्या मानाने ही उंची किरकोळच. गडकिल्ल्यांची सवय असलेल्या गिर्यारोहकाला इथे दम लागणार नाही. मात्र याच माळांवर आणि उतारांवर बंजारा म्हणजेच लमाण समाजाचे तांडे आणि आंध या आदिवासी जमातीच्या वस्त्या आहेत. जिंतूरजवळच्या नेमगिरीला येणारे भाविक, येलदरीच्या जलाशयावर पक्षी पाहायला येणारे हौशी, सुटीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून निघणारी तरुण मुले, या साऱ्यांच्या पायवाटा कुठे ना कुठे या वस्त्यांच्या जवळून जातात. दुसऱ्याच्या शिवारातून कसे जावे, हा प्रश्न म्हणूनच इथे फार जुना आहे. गंमत अशी, की आज ज्या बंजारांच्या दारावरून पाहुणे जातात, त्यांचेच पूर्वज एके काळी सगळ्यांच्या दारावरून जात असत.

लमाणांची वाहतूक स्वस्त पडे, त्याचे गणित साधे होते. बैलाला विकतचा चारा लागत नसे. तो चरत चरत पुढे जाई. त्यामुळे तांडा दिवसाकाठी फार तर दहा-अकरा किलोमीटर कापी. संध्याकाळी ओझी उतरली, की गोण्या एकावर एक रचून त्यांचीच भिंत उभी करायची आणि आत माणसांनी राहायचे. तांडा गावात शिरत नसे. मुक्काम गावाबाहेर, पाण्याच्या आसऱ्याने पडे. हुकूम चाले नायकाचा. मुक्काम कुठे, निघायचे कधी, भांडण मिटवायचे कसे, हे तो ठरवी आणि कारभारी ते अमलात आणी.

पण हजारो बैल चरून गेल्यावर गावाच्या गायरानात काय उरणार? आडातले पाणी किती दिवस पुरणार? हा तंटा खरा होता आणि त्याची खूण बंजारांच्याच एका प्रसिद्ध परंपरेत सापडते. शहाजहानच्या दख्खन मोहिमेत, १६३० च्या सुमारास, असफखानाच्या फौजेला रसद पुरवायला भंगी आणि जंगी हे दोन नायक आले. त्यांच्याकडे १,८०,००० बैल होते आणि भगवानदास वडतिया याच्याकडे ५२,०००, असे परंपरा सांगते. मोबदल्यात त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला. त्यात सवलती होत्या त्या अशा: घरातल्या रांजणातले पाणी घ्यावे, छपराचे गवत घ्यावे, आणि दिवसाला तीन खून माफ. वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने बंजारांवर लिहिलेल्या टिपणात ही हकिकत आली आहे. ते टिपण १८८२ मध्ये छापले गेले.

आकडे परंपरेचे आहेत, ते जरा सैल धरले तरी चालतील. सवलतींची यादी मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. मागितले काय, तर पाणी आणि गवत. वाटेवरच्या गावाला सर्वांत जड जाणाऱ्या याच दोन गोष्टी. आणि त्या घेण्याची परवानगी कुणी दिली? खानाने. ज्या घरचा रांजण रिकामा होणार होता, त्या घराला कुणी विचारले नव्हते.

वरून मिळालेली परवानगी घेऊन दुसऱ्याच्या गावात शिरणे, हा या वाटांचा जुना आजार आहे. पुढे तोच लमाणांच्या वाट्याला उलटा फिरून आला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत फौजांना तांड्यांची गरज होती. टिपूविरुद्धच्या १७९९ च्या युद्धात आणि १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्ली धान्यासाठी लमाणांवर विसंबून होता. त्या वर्षीची असईची लढाई झाली ती शेजारच्या आजच्या जालना जिल्ह्यात. नंतर लढाया थांबल्या, पक्क्या सडका झाल्या आणि त्यामागून रेल्वे आली. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड असा सिकंदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग १९०० ते १९०१ च्या सुमारास सुरू झाला. सेलू, मानवत, परभणीचा कापूस आणि ज्वारी आगगाडीत चढू लागली. बैलाच्या पाठीवरची गोणी तिच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. तांडे थांबले, ते जिथे कुणी हरकत घेणार नाही अशा माळावर, डोंगराच्या उतारावर, मूळ गावापासून अंतर राखून. आजही महसुली गाव खाली आणि त्याच्या नावाचा तांडा वर, अशी जोडी या भागात जागोजागी दिसते.

थांबलेल्या तांड्याला पहिले पाहुणे भेटले ते वही घेऊन आलेले. ब्रिटिश मुलखात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढे वेगवेगळ्या प्रांतांत बंजारांचे गट त्या यादीत टाकले गेले. कंबरलेज पोलीस अधिकारी होता, हा योगायोग नाही. भटक्यांविषयीची त्या काळातली बरीच माहिती पाळत ठेवणाऱ्यांनी जमवली आहे. निजामाच्या राज्यात सय्यद सिराज-उल-हसन यांनी तिथल्या जातीजमातींचा जाडजूड ग्रंथ १९२० मध्ये सिद्ध केला, तोही सरकारी पाहणीतूनच. पोशाख, दागिने, लग्नविधी, देव, सगळे टिपले गेले. गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. आंध्र आणि तेलंगणात लंबाडा, म्हणजे तिथले बंजारा, अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत, तर शेजारचे आंध अनुसूचित जमातीत. म्हणजे जिंतूरच्या एकाच डोंगरावर कागदोपत्री दोन वेगळे रकाने आहेत आणि आरक्षणाच्या वादात त्यांची टोके एकमेकांना टोचतात. बाहेरून आलेल्याने ‘तुम्ही आदिवासी ना?’ असे सहज विचारणे तांड्यावर सहज राहत नाही.

याच समाजातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये, परभणीचे कृषी विद्यापीठ उभे राहिले आणि २०१३ पासून ते त्यांचे नाव लावते. तिथे शिकायला आलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर हे नाव असते. तरीही तांडा म्हणजे घुंगरू, आरसे आणि नाच, ही शहरी समजूत हलत नाही.

तिथूनच कॅमेऱ्याचा प्रश्न सुरू होतो. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी) आणि डोक्यावरून घेतलेली आरशांची ओढणी हा पोशाख आता मुख्यतः वयस्क बायांच्या अंगावर राहिला आहे. हातभर बांगड्या घातलेली आजी ओट्यावर बसलेली दिसली, की मोबाइल वर जातो. ती ओढणी पुढे ओढते. तो नकार असतो. फोटो काढायचा तर आधी बसावे, नाव-गाव सांगावे, विचारावे, आणि ती नको म्हणाली तर फोन खिशात ठेवावा. ज्यांच्या आजोबांची नोंद ठाण्यातल्या वहीत झाली, त्यांच्या नातवंडांना अनोळखी माणसाने केलेली नोंद खुपते, यात नवल नाही. श्रावणात तीज असते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि शेवटी त्यांचे विसर्जन करतात. तो त्या मुलींचा सण आहे. बोलावले तर पाहुण्याने जावे, आणि मागच्या रांगेत उभे राहावे.

आता पुन्हा पाणी आणि गवत.

या डोंगरांचा बेसाल्ट पाणी फार काळ धरत नाही. पूर्णेवर येलदरीचे मोठे धरण असले, तरी धरणाचे पाणी उताराने खाली जाते, वर चढत नाही. फाल्गुन लागला की वरच्या वस्त्यांत हंडे रांगेला लागतात. वीस जणांच्या चमूने हापशावर दोन-दोन बाटल्या भरून घेतल्या, तर दोन घरांचे सकाळचे पाणी गेले. म्हणून पाणी सोबत न्यावे, आणि वाटेत घ्यावेच लागले तर विचारून, गरजेपुरते. गवताचेही तसेच. दिवाळीनंतर उतार पिवळे पडतात. शहरातल्या माणसाला ते रान वाटते; तांड्याच्या दृष्टीने तो उन्हाळ्याचा चारा असतो. रात्रीच्या शेकोटीची एक ठिणगी तिथे पडली, की शेरडा-करडांचे चार महिने जळतात. मुक्कामाला शेकोटी पेटवणे हे या डोंगरात टाळलेच पाहिजे.

सर्वांत कमी लक्षात येते ती ऋतूंची गोष्ट. पायी फिरण्याचा उत्तम हंगाम म्हणजे कार्तिक ते माघ: हवा थंड, आकाश स्वच्छ. आणि नेमक्या त्याच दिवसांत तांडा निम्मा रिकामा असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना साखर कारखान्याच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे ऊस तोडायला जातात, ती गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. घरी राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. काही मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. ‘किती शांत गाव’ असे ज्याला वाटते, त्याने दारांवरची कुलुपे पाहावीत. अशा वेळी अचानक दहा-बारा जणांनी जेवणाची फर्माईश करणे म्हणजे सत्तरीतल्या आजीला चुलीपुढे बसवणे. आदल्या आठवड्यात निरोप, ठरलेला दर आणि शिधा सोबत, एवढे तरी हवे.

निरोप देऊन चालण्याचा उत्तम धडा परभणी जिल्ह्याला दरवर्षी आषाढाच्या तोंडावर पाहायला मिळतो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने जाते. पांढऱ्या वेशातले वारकरी शिस्तीत रांगेने चालतात. मुक्काम कुठे, दुपारचे जेवण कुणाकडे, हे आधीच ठरलेले असते, म्हणून यजमान गावाची धांदल होत नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तिथे पालखीचे स्वागत घरच्या कार्यासारखे होते. शेकडो माणसे गावातून जातात आणि गाव त्यांची पुढच्या वर्षी वाट पाहते.

गिर्यारोहणातही असे उदाहरण आहे. अकोले तालुक्यातल्या महादेव कोळ्यांच्या पुरुषवाडीत पाहुण्यांचे जेवण आणि मुक्काम घरांमध्ये पाळीपाळीने वाटला जातो, दर आधी ठरलेला असतो, त्यामुळे कमाई एका घरात साठत नाही. त्याच तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांच्या दिवसांत मोटारींची झुंबड उडाली, दिव्यांच्या झोतांनी काजवेच दिसेनासे होऊ लागले आणि वनखात्याला वेळेचे निर्बंध घालावे लागले. एकाच डोंगरातली ही दोन चित्रे आहेत.

जिंतूरच्या डोंगरात अजून गर्दी झालेली नाही, म्हणूनच नियम ठरवण्याची वेळ आता आहे. चारठाण्याची यादवकालीन मंदिरे, नेमगिरीच्या गुंफा, सेलू तालुक्यातल्या वालूरची गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केलेली चक्राकार बारव, असे पायी फिरण्याजोगे बरेच काही जवळजवळ आहे. उद्या कुणी त्यांना जोडणारा पदभ्रमणाचा मार्ग आखला, तर वनखात्याचा शिक्का आणि जिल्हा प्रशासनाचे पत्र मिळेलच. त्याआधी तांड्याच्या नायकाकडे आणि कारभाऱ्याकडे, आंधांच्या वस्तीत तिथल्या जाणत्यांकडे जायला हवे. होळीला ऊसतोडीवरून माणसे परतू लागतात आणि पाडव्यापर्यंत बहुतेक घरे उघडतात. बैठक भरते, वर्षाचे हिशेब होतात, लग्ने ठरतात. वाट कोणत्या बांधावरून न्यायची, कोणत्या विहिरीला हात लावायचा नाही, जेवणाचा दर काय, वाटाड्या कुणाच्या घरचा आणि कोणत्या महिन्यांत अजिबात यायचे नाही, हे प्रश्न त्या बैठकीत मांडले जावेत, आणि उत्तरे तिथेच बसलेल्यांनी द्यावीत.