ख्रिस्ती घराचा उंबरठा

स्त्रीच्या घरातील छळाला मराठीत वाचा फोडण्याचे मोठे श्रेय ख्रिस्ती लेखकांना जाते. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांची दैना कादंबरीचा विषय केली. १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या इंग्रजी ग्रंथातून उच्चवर्णीय घरातील स्त्रीची स्थिती जगापुढे ठेवली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. मात्र या लेखनाची नजर मुख्यतः हिंदू घरावर होती. ख्रिस्ती घरात छळ होत असेल तर काय, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

त्याचे एक उत्तर १८६९ च्या घटस्फोट कायद्यात सापडते. ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. नुसत्या मारहाणीवर तिला फार तर न्यायिक विभक्तता मिळे. ज्या इंग्लंडच्या कायद्यावर हा बेतला होता, तिथे व्यभिचाराबाबतचा भेद १९२३ मध्ये गेला आणि १९३७ मध्ये क्रौर्य हे स्वतंत्र कारण ठरले. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता अमान्य केली. संसदेची दुरुस्ती २००१ साली आली. करुणेचा धर्म सांगणाऱ्या समाजातील स्त्री तोवर कायद्याने बांधलेलीच राहिली.

दुसरे उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. वडिलांच्या सोवळ्याने पिचलेले माहेर, सासूने सोसलेला जाच, पुढे टिळकांचा संताप आणि न सांगता निघून जाणे, हे सारे त्या सांगतात. १८९५ च्या धर्मांतरानंतरची ताटातूटही त्या लपवत नाहीत. स्वतः श्रद्धेने १९०० मध्ये ख्रिस्ती झालेल्या या बाईने पतीवर प्रेम केले, पण त्याला देव्हाऱ्यात बसवले नाही.

वीर, महाड, पोलादपूरकडच्या आमच्या विद्यार्थिनींना हे पुस्तक आम्ही बहुधा विनोदासाठी शिकवतो. परंतु २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. ती व्याख्या शेजारी ठेवून ‘स्मृतिचित्रे’ वाचले, तर लक्ष्मीबाई जिथे हसतात तिथे थांबावे लागते. त्या हसण्यामागचे सोसणे वर्गात बोलले गेले, तर समोर बसलेल्या एखादीला स्वतःच्या घरातल्या गोष्टीला नाव सापडेल. मग ते घर कोणत्याही धर्माचे असो.