दादांच्या वह्या आणि हाडकीचा कागद

दादा २०११ साली गेले. मागं राहिली एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात दोऱ्यानं शिवलेल्या अकरा वह्या. शाळेच्या जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेल्या. आई म्हणायची, "त्येंचा हिशोब हाय त्यात, कुणी हात लावू नगा." आईही गेल्यावर मी ट्रंक उघडली. आई खरं बोलत होती. हिशोबच होता, पण निव्वळ पैशाचा नव्हता.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं. पाऊस नावाला. दादा आमच्या वाड्यातले पहिले व्हर्नाक्युलर फायनल पास आणि पहिले मास्तर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली. गावी येऊन घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. अशा माणसाचं चरित्र आपल्यात कसं लिहितात ते सर्वांना ठाऊक आहे. मीही तसंच लिहायला बसलो होतो. मग १९६१ ची वही हाताला लागली.

ती वही कळायची तर आधी वतन कळलं पाहिजे. आता आपल्या पोरांना हाडकी म्हणजे काय हे फोड करून सांगावं लागतं.

महार हा गावकामगार. वेशीवर राखण करायची, सरकारी टपाल पोचवायचं, साऱ्याचा पैका तालुक्याला न्यायचा, आल्या सायबाची सरबराई करायची, मयताची वर्दी परगावी द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं. दिवस नाही, रात्र नाही. घरधनी आजारी असला तर बायकोनं जायचं, पोरानं जायचं. बदल्यात काय? बलुतं, दारोदारची भाकरी आणि इनामाचा एक तुकडा. तीच हाडकी-हाडोळा. पणज्याच्या काळी चौघांत वाटलेला तो तुकडा नातवाच्या काळी तीस नावांवर. पोट भरत नाही आणि सुटतही नाही. जमीन म्हणावी तर ते दावं होतं.

बाबासाहेबांनी हे दावं नीट ओळखलं. 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी वतनावर लिहिलं. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. चिकित्सा समितीत त्याचा जीवच काढून घेतला गेला, तेव्हा १९२९ साली त्यांनी ते परत घेतलं. आपल्यातलेही कितीतरी जण तेव्हा वतनाला चिकटून होते, हे विसरता कामा नये. तुकडा गेला तर गावात आपलं काय उरतं, हे भय होतं.

अखेर वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. १ ऑगस्ट १९५९ पासून तो लागू झाला. नावातच 'कनिष्ठ' गाववतनं असा शब्द. गुलामी रद्द करतानाही कनिष्ठ म्हणायला सरकार विसरलं नाही. कायदा असा : वतनाची जमीन आधी सरकारजमा. मग आकाराच्या काही पट कब्जेहक्काची रक्कम भरली की ती वतनदाराला परत, नव्या शर्तीनं. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, वाटता येणार नाही. रक्कम मुदतीत भरली नाही तर कसणारा आपल्याच बापजाद्यांच्या रानात बेकायदेशीर.

कायदा वाईट नव्हता. पण चलन भरायला रोकड लागते, आणि वाड्यात रोकड कुणाकडं होती? ती होती गावच्या बागायतदाराकडं. तो म्हणाला, "तुमचं चलन मी भरतो. रान काय दिवस मी कसतो. साधा कागद करा." सतरा माणसांचे अंगठे झाले. कागद लिहिणारा पाहिजे होता. वाड्यात लिहिणारा एकच होता.

कागद माझ्या बापानं लिहिला.

१९६१ च्या वहीत दादा लिहितात : "राजीखुशीने हा शब्द मी माझ्या हाताने घातला. कोणी सांगितला नव्हता. कागदात घालतात म्हणून घातला." पुढच्या पानावर त्यांनी कारणही लपवलेलं नाही. त्यांची बदली लांबच्या तालुक्यात होणार होती. घरी म्हातारी आई, लग्नाची बहीण. बागायतदाराचा शब्द वर चालायचा. कागद झाला, बदली थांबली.

मी वही मिटली. दोन दिवस उघडली नाही. ज्या मास्तराला वाडा खाली बसू देत नव्हता, त्याच्या बोटाची ही शाई.

पुढच्या वह्यांत ते सतरा जण पुन्हा पुन्हा येतात. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्या सतरांतले चार जण तुरुंगात गेले. सरकारनं पडीक जमीन द्यावी म्हणून! स्वतःची जमीन साध्या कागदावर गेलेली, आणि ओरडा पडीकासाठी. दादा सरकारी नोकर, शाळेच्या दारातून मोर्चा बघत उभे राहिले. त्या दिवशीची नोंद एका ओळीची : "आज पाढे म्हणवून घेतले." १९७२ च्या दुष्काळात त्याच घरातल्या बाया खडी फोडायला गेल्या. त्या सालापासून वहीत दर महिन्याला रकमा दिसतात. याच्या पोराची फी, त्याच्या घरी ज्वारी. घेणाऱ्यांना कारण कधी सांगितलेलं नाही.

धाकटा भाऊ म्हणाला, "जाळून टाक. मेलेल्या माणसाची बेअब्रू कशाला?" मला ते पटेना. आपला इतिहास आपण नुसत्या जयजयकाराचा लिहायला लागलो, तर दुसऱ्यांनी आपल्यावर लिहिलेल्या खोट्यात आणि आपल्या खऱ्यात फरक काय? माझ्या बापाला कुणी विकत घेतलं नाही. त्याला कोंडीत धरलं आणि त्यानं सही केली. कायदा वर चांगला होतो आणि खाली गावात कसा मरतो, त्याचा कागद लिहिणारा हात आपलाच असतो. हे सांगायला दुसरा साक्षीदार कुठून आणू?

मी वही घेऊन थोरल्या चुलतीकडं गेलो. तिच्या नवऱ्याचा अंगठा यादीत तिसरा. वाचून दाखवलं. म्हातारी रडली नाही, चिडलीही नाही. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मास्तर दर म्हैन्याला ज्वारी का धाडतो, ह्ये आमी कदी इचारलंच न्हाई." जरा थांबून विचारलं, "त्येत रानाचा नंबर लिवलाय का रं?"

लिहिला होता. जुना सर्व्हे नंबर, चारी दिशा, सतरा नावं, प्रत्येकाची भरलेली रक्कम, चलनाची तारीख. गटवारी झाल्यावर नंबर बदलले, म्हातारी माणसं मेली, आपलं रान कुठलं हेच पोरांना सांगता येत नव्हतं. ते सगळं दादांनी तीन वह्यांत तीनदा उतरून ठेवलं होतं. बोलायचं धाडस झालं नाही, पण नंबर हरवू दिला नाही.

त्यावरून आम्ही जुने फेरफार काढायला अर्ज केला. परवानगीशिवाय झालेला व्यवहार नव्या शर्तीत बसत नाही, एवढं तरी कायदा आजही आपल्या बाजूनं बोलतो. रान परत मिळेल असं मी कुणाला सांगत नाही. सतरा घरची पोरं मात्र एकत्र बसून तो कागद वाचतात.

तुमच्याही घरात ट्रंक असंल. उघडा. आत काय निघंल त्याला भिऊ नका. नंबर आधी उतरून घ्या.