'उचल्या'तील हजेरी

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वर्गात या आत्मकथनाची चर्चा बहुधा भुकेभोवती फिरते. मला मात्र त्यातली हजेरी अधिक बोलकी वाटते.

धनेगावच्या (जि. लातूर) या पाथरुट कुटुंबातील आजोबांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जी रीत घालून दिली, ती निजामी मुलखातही होती : नोंद आधी, गुन्हा नंतर. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. लक्ष्मणचे बालपण त्यानंतरचे, तरीही घरावर पोलीस येतात आणि मार चुकत नाही. म्हणजे हजेरी त्याला वारशाने मिळते.

मग तो शाळेत जातो. तिथेही हजेरीच! एका पटावर संशयित, दुसऱ्या पटावर विद्यार्थी. हा विरोध सुखावह ठरला असता. पण वस्तीतल्या मुलांना उलट्या-जुलाब सुरू होतात तेव्हा दोष येतो तो लक्ष्मणच्या शाळेवर. याला अंधश्रद्धा म्हणून आपण मोकळे होतो. ज्यांना कागदाने पिढ्यान्‌पिढ्या केवळ बांधूनच ठेवले, त्यांनी दुसऱ्या कागदावर सहज विश्वास का ठेवावा?

एली वीझेल यांच्या 'नाइट'मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावाची जागा ए-७७१३ हा क्रमांक घेतो. लुंग उंग यांच्या कंबोडियातील आठवणींत आईने शिवलेला लाल झगा ख्मेर रूजचे सैनिक जाळून टाकतात. तुलना अर्थातच जपून करावी. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणजे वंशसंहार नव्हे; त्याला माणसे नजरेखाली हवी होती, संपवायची नव्हती. माणूस जन्मावरून ठरवणे, एवढे मात्र दोन्हीकडे आहे. म्हणूनच झगा जळाल्याचे दुःख एका क्षणात सांगता येते, हजेरीचे सांगायला तीन पिढ्या लागतात.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हे परके वाटू नये. १८१८ नंतर कंपनीने खानदेशातील भिल्लांवर आधी लष्करी मोहिमा काढल्या. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी धरणगावी भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला. कालचे 'लुटारू' आज शिपाई म्हणून पटावर आले. त्या पलटणीचा इतिहास इंग्रजांनी लिहून ठेवला आहे. त्या मोहिमांच्या काळात सातपुड्यातल्या पाड्यांवर जी मुले वाढत होती, त्यांच्यापैकी कोणाचे आत्मकथन आपल्यापाशी नाही.